आधाराचा पेपर

समोरच्या घरातली मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी ती गाईड घेऊन आली. इकडे त्याला कुंजी म्हणतात. ओट्यावर बसत म्हणाली, "सर, परवा आधारवाला पेपर आहे. महत्त्वाचे चार प्रश्न सांगा, बाकी निघून जाईल." ती हिंदीत बोलते, मी इथे मराठीत लिहितो आहे. पण 'निघून जाईल' हा शब्द तिचाच. चौतीस वर्षं मालव्यातल्या वेगवेगळ्या गावांत वनस्पतीशास्त्र शिकवलं, आणि या पेपरबद्दल मुलांच्या तोंडून हाच शब्द ऐकत आलो. पास होण्यापुरते मार्क मिळावेत आणि मागे काही उरू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा.

मला त्या शब्दाचा त्रास होतो. म्हणून ही टिपणं.

*

आधार म्हणजे आधार पाठ्यक्रम. बी.ए. असो, बी.एस्सी. असो की बी.कॉम., मध्य प्रदेशात पदवी घ्यायची तर हा करावाच लागतो. हिंदी, इंग्रजी, पर्यावरण, योग आणि ध्यान, उद्योजकता असे विषय त्यात येत राहिले आहेत. मी नोकरीत होतो तेव्हाही तो होता. २०२१-२२ पासून नवीन शिक्षण धोरण आलं. ते लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपलं राज्य होतं. तेव्हापासून मुख्य विषय, गौण विषय, ऐच्छिक, व्यावसायिक, आधार आणि परियोजना अशी सगळी मांडणी नव्याने झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २०२२चा आराखडा तीन वर्षांच्या पदवीला १२० श्रेयांक मागतो, आणि त्यातले किमान ६० मुख्य विषयाचे असावेत असं सांगतो. म्हणजे निम्मी पदवी मुख्य विषयाच्या बाहेर असू शकते. हे वाक्य मी पालकांना सांगतो तेव्हा ते दचकतात. निम्मी फी पाण्यात गेली, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

*

हा तास कोणाला देतात? ज्याचे तास कमी भरतात त्याला. वेळापत्रक लावताना आधी मुख्य विषय बसतात, मग प्रॅक्टिकलं, आणि उरलेल्या भोकांत आधार. एक वर्ष हिंदी भाषेचा पेपर माझ्याकडे आला होता. घरी मराठी, शिक्षण वनस्पतीशास्त्राचं, आणि समोर तिन्ही शाखांची मिळून दीडशे मुलं. पहिले दोन महिने मी त्यांना नोट्स उतरवून दिल्या. ते चुकीचं होतं, हे आज स्पष्ट म्हणतो. मला कोणी विचारलं नव्हतं आणि तयार केलं नव्हतं, हे खरं. पण समोरच्या मुलांचा त्यात काय दोष होता?

नंतर एकदा पावसात वीज गेली. नोट्स वाचता येईनात, म्हणून मी विचारलं, तुमच्या घरी गव्हाच्या ओंबीला काय म्हणतात? कुसळाला काय म्हणतात? भिलाली बोलणारी मुलं होती, माळवी बोलणारी होती, निमाडी बोलणारी दोघं-तिघं. फळ्यावर एकाच वस्तूची पाच-पाच नावं जमली. शब्द कसा बदलत जातो हे मला कुठल्याही पुस्तकातून इतकं नीट कळलं नव्हतं. त्या दिवशी तास संपल्यावरही मुलं उठली नाहीत.

अतिथी विद्वान म्हणून राबणारे तरुण आज हे तास घेतात. त्यांतल्या कित्येकांना पुढच्या वर्षी आपण असू की नाही हेच ठाऊक नसतं. विषयाला स्वतःचा शिक्षक नाही, हे या पेपरचं पहिलं दुखणं. सक्ती हे त्याचं दुखणं नाही.

*

धार जिल्ह्यातल्या आमच्या बदनावरवरून जाणारा रस्ता जुने लोक अजून महू-नीमच रोड म्हणून ओळखतात. दोन छावण्या जोडणारा रस्ता. त्याच्या महूच्या टोकाला १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकर जन्मले.

१९१३ साली बडोद्याच्या गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. तीन वर्षांत त्यांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन एकेक. बेरीज साठ. निम्म्याहून अधिक अर्थशास्त्राबाहेरचे.

आणि ९ मे १९१६ला त्यांनी भारतातल्या जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, तो गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने 'दुसऱ्याच' विषयाच्या वर्गात वाचलेला तो निबंध आज शंभर वर्षांनंतरही वाचला जातो. त्या चार अभ्यासक्रमांना कोणी 'निघून जाईल' म्हटलं असतं तर?

इथे एक अडचण आहे, ती लपवत नाही. बाबासाहेबांना कोणी सक्ती केली नव्हती. त्यांनी ते विषय भुकेने घेतले. कोलंबियाने सगळ्या विद्यार्थ्यांसाठी समकालीन संस्कृतीचा सक्तीचा वर्ग सुरू केला तो १९१९मध्ये, ते तिथून गेल्यावर. मग सक्ती कशाला? माझं उत्तर असं : ज्या मुलीच्या घरात पाठ्यपुस्तकापलीकडे पुस्तक नाही, तिला काय निवडायचं ते कसं कळणार? एकदा तरी ताट समोर वाढलं पाहिजे. आवडलं नाही तर पुढच्या वर्षी घेऊ नको म्हणावं.

*

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नीमचला, १९१९मध्ये विष्णू श्रीधर वाकणकर जन्मले. चित्रकार माणूस. रेल्वेच्या खिडकीतून भोपाळजवळच्या टेकड्या पाहिल्या, उतरले, चालत गेले, आणि १९५७मध्ये भीमबेटकाची शैलचित्रं जगापुढे आली. खडक बघायला भूगर्भशास्त्रज्ञ पुरला असता. पण खडकावरची रेघ ही माणसाच्या हाताची आहे, हे चित्रकाराच्या डोळ्याला आधी दिसलं.

*

भाचीची मुलगी अमेरिकेत एका लहान कॉलेजात शिकते. कॉम्प्युटर घेतला आहे. परवा फोनवर चिडून म्हणाली, "आजोबा, मला एक कलेचा, एक इतिहासाचा, एक प्रयोगशाळेचा आणि एक परकी भाषेचा कोर्स करावाच लागतोय. माझा वेळ का घालवतात?" तक्रार समोरच्या घरातल्या मुलीसारखीच. फरक एवढाच की तिच्यापुढे प्रत्येक गटात पंधरा-वीस पर्याय आहेत आणि प्रत्येकाला तो विषय जन्मभर केलेला शिक्षक आहे. मी विचारलं, प्रयोगशाळेसाठी काय घेतलंस? म्हणाली, खडक आणि माती. मग दहा मिनिटं खडकांबद्दलच बोलत राहिली.

तिकडेही हा वाद जुना आहे. हार्वर्डने १९४५मध्ये, महायुद्ध संपत असताना, सामान्य शिक्षणावर अख्खं पुस्तक काढलं. आपल्याकडे डॉ. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४९च्या अहवालात पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सामान्य शिक्षण द्यावं असं सुचवलं. देश नुकता स्वतंत्र झाला होता. मत देणाऱ्या माणसाला थोडं विज्ञान, थोडा इतिहास, थोडा विचार करण्याचा सराव असावा, असं त्या लोकांना मनापासून वाटत होतं. मलाही वाटतं.

*

पर्यावरणाचा पेपर कोणा कुलगुरूच्या लहरीने आलेला नाही. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये हा विषय सक्तीने शिकवण्याबद्दल निर्देश दिले, आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम केला. त्याचं पाठ्यपुस्तक लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. भरुचा पेशाने शल्यचिकित्सक. शस्त्रक्रिया शिकवणारा प्राध्यापक जंगलं हिंडतो, पक्षी बघतो, आणि देशभरातल्या मुलांसाठी पर्यावरणाचं पुस्तक लिहितो. माझ्या मते पुस्तकाचा पहिला धडा म्हणून लेखकाची हीच माहिती शिकवावी.

दुसरा धडा देवासचा. मालव्यात पावलोपावली पाणी, अशी म्हण आपण अभिमानाने सांगतो. त्याच मालव्यातल्या देवासला १९९०मध्ये रेल्वेने पाणी आणावं लागलं. तळी बुजवली होती, विहिरींकडे दुर्लक्ष केलं होतं, बोअर खोल खोल जात होते. नंतर त्याच जिल्ह्यात शेतकऱ्यांनी हजारो शेततळी खोदली. ही गोष्ट घरात पाण्याचे हंडे मोजणाऱ्या मुलांना समजायला व्याख्या लागत नाही. कुंजीत मात्र व्याख्या आहे, देवास नाही.

*

परियोजना. समोरच्या मुलीने आणलेली फाइल मी नीट पाहिली. स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक प्लॅस्टिक, पहिल्या पानावर गणपती, खाली 'विद्यार्थी का नाम' आणि पुढे ठिपक्यांची रिकामी ओळ. झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळते, फक्त नाव घालायचं. विषय : हमारे क्षेत्र के जलस्रोत. आतल्या चौथ्या पानावर लिहिलं होतं की आमच्या गावाजवळून बेतवा वाहते. त्या पानाच्या कोपऱ्यात आधीच्या कुणाची तरी सही खोडून पुन्हा झेरॉक्स काढल्याची काळी पट्टी होती.

मी तिला रागावलो नाही. विचारलं, "तुमच्या शेतामागचा नाला कुठे जातो गं?"

"कुठे म्हणजे? पुढे जातो."

*

योगाच्या पेपरात पतंजली येतो, आसनं येतात, प्राणायामाचे फायदे येतात. धार जिल्ह्यातल्या मुलांना एवढं तरी सांगावं की अकराव्या शतकात धारला राज्य करणाऱ्या भोजाच्या नावावर योगसूत्रांवरची एक टीका आहे, राजमार्तंड. वास्तुशास्त्रावरचं समरांगणसूत्रधार आणि काव्यशास्त्रावरचं सरस्वतीकंठाभरण हेही त्याच्याच नावावर. राजाने स्वतः किती लिहिलं आणि दरबारच्या पंडितांनी किती, यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. पण एकाच दरबारात घर कसं बांधावं, कविता कशी वाचावी आणि मन कसं आवरावं, हे तिन्ही विषय एका माणसाच्या नावावर जमा होत होते. आपण मात्र मुलांना अकरावीतच एका खुंटीला बांधतो.

*

बदनावरचं एक कोडं. जैन आचार्य जिनसेन यांनी शके ७०५मध्ये, म्हणजे इ.स. ७८३मध्ये, हरिवंशपुराण रचलं. ते वर्धमानपुरात लिहिलं असं ते शेवटी सांगतात. हे वर्धमानपूर कोणतं? काही विद्वान म्हणतात सौराष्ट्रातलं वढवाण, काही म्हणतात आपलं बदनावर. जिनसेन त्या वेळचे चारी दिशांचे राजेही सांगतात, आणि अवंतीचा राजा पूर्वेला होता असं म्हणतात. मग लिहिणारा बसला होता कुठे? बदनावरात बसलेला माणूस अवंतीला पूर्वेला म्हणेल का?

हे कोडं सोडवायला संस्कृत लागतं, शिलालेख वाचता यावा लागतो, नकाशा लागतो, राजवंशांची कालगणना लागते. चार विषयांची चार मुलं एका बाकावर बसवली तरच सुटायला लागेल. मी एका वर्गात हा प्रश्न ठेवला होता. बी.एस्सी.चा एक मुलगा वहीत कंपास काढून बसला. निकाल लागला नाही, आणि लागावा अशी माझी इच्छाही नव्हती. आपल्या गावाबद्दल बाराशे वर्षांचा एक प्रश्न अजून उघडा आहे, हे कळल्यावर बसस्टँडकडे बघायची त्यांची नजर थोडी बदलली.

*

धार आणि देवास ही पवारांची संस्थानं. बदनावर हा धार संस्थानातला परगणा. इथल्या जुन्या मराठी घरांत अजून पत्र्याच्या ट्रंका आहेत आणि ट्रंकांत मोडीतले कागद. आमच्याही आहे. त्यात एक देणेघेण्याचा कागद आहे. अक्षर बोरूचं, शाई तांबूस पडलेली, घडीवर कागद फाटून दोन ओळींचे मधले शब्द गेलेले. माझ्या आजोबांना तो वाचता येत होता. मला येत नाही. नातवंडांना तर त्याची लिपीही ओळखता येत नाही. ती मराठी आहे हे सांगितल्यावर त्यांना खोटं वाटतं.

ऐच्छिक विषयांच्या लांब यादीत, निदान धार, देवास, इंदूर, उज्जैनला, मोडी वाचनाचा एक छोटा अभ्यासक्रम का असू नये? मराठी मुलांसाठीच असं नाही. जमिनीचे जुने दाखले ज्यांच्या घरात आहेत त्या सगळ्यांसाठी. संस्थानचा कागद वाचता येणारा तरुण इतिहासालाही हवा आहे आणि वकिलालाही.

*

बहिणीचा नातू नाशकात शिकतो. महाराष्ट्रात संलग्न कॉलेजांत नवीन शिक्षण धोरण २०२४-२५ला आलं. त्याच्या वेळापत्रकात ओई, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी अशी अक्षरं आहेत. त्यांतल्या दोनांचा अर्थ त्याला सांगता आला. अभ्यासक्रमाची नावंही मुलांना कळेनाशी झाली तर तो विषय आपला कसा वाटावा? आमचा 'आधार' शब्द त्यापेक्षा कितीतरी चांगला आहे.

*

भैंसोल्याला मोठं टेक्स्टाइल पार्क होतं आहे. सप्टेंबर २०२५मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं. बदनावर तालुक्यात एवढं मोठं काम मी आयुष्यात पाहिलेलं नाही. एका मुलाचे वडील मंडईत भेटले, लसणाच्या गोण्या उतरवून घेत होते. म्हणाले, "सर, आता मशीन शिकवा, शिलाई शिकवा. योग आणि पर्यावरण घेऊन पोरगा काय करेल?"

त्यांचा प्रश्न खरा आहे. घरात एक पगार आला तर दोन वर्षांचं कर्ज फिटतं, हे मी पाहिलं आहे. मशीन शिकवलंच पाहिजे. पण रंगाऱ्याचं पाणी कुठे सोडतात, करारपत्रावर सही करण्याआधी इंग्रजीतली बारीक अक्षरं कशी वाचायची, बाईला आणि बाप्याला एकाच कामाची मजुरी वेगळी का, हे विचारायची वेळ त्याच कारखान्यात येणार आहे. तेव्हा त्या मुलाजवळ काय असेल? भाषेचा पेपर, पर्यावरणाचा पेपर. कारखाना आला म्हणून आधाराची गरज वाढली. मी त्यांना हेच सांगितलं. ते म्हणाले, "मग नीट शिकवा ना." यावर मला उत्तर नव्हतं. ते बरोबर बोलत होते.

*

नाल्याचं पुढे काय झालं ते लिहितो.

पेपर झाल्यावर मुलगी तिच्या दाजींना, म्हणजे आजोबांना, घेऊन निघाली. शेत गावाच्या पश्चिमेला. नाल्याच्या काठाने थोडं चालत, मग मोटरसायकलवर, प्रत्येक गावी विचारत : पाणी पुढे कुठे जातं? एका ठिकाणी नाला शेतात बुजवून वर लसूण लावला होता. तिथे दाजी खाली बसून बराच वेळ बघत राहिले, म्हणे. दुसऱ्या ठिकाणी स्टॉपडॅमची फळ्या घालायची खाच होती, फळ्या कोणी नेल्या ते कोणाला सांगता येईना. बायका कपडे धूत होत्या, त्यांनी सांगितलं की होळीपर्यंत पाणी असतं, आधी अक्षयतृतीयेपर्यंत असायचं.

संध्याकाळी ती माझ्याकडे नकाशा मागायला आली. आम्ही दोघांनी बोट फिरवत शोधलं. तिच्या शेतातलं पाणी महीत जातं. मही आपल्याच जिल्ह्यात उगम पावते, उत्तरेला राजस्थानात बांसवाड्याकडे जाते, तिथून वळते आणि खंभातच्या आखातात समुद्राला मिळते. कर्कवृत्त दोनदा ओलांडणारी नदी. आणि बदनावरच्या पूर्वेचं पाणी? ते चंबळेत जातं, चंबळेतून यमुनेत, यमुनेतून गंगेत, आणि थेट बंगालच्या उपसागरात. जिल्ह्याचा दक्षिण भाग नर्मदेचा. म्हणजे एकाच जिल्ह्यावर पडलेला पाऊस तीन वाटांनी आणि दोन समुद्रांना.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे आमच्या घराच्या दोन्ही बाजूच्या पन्हाळी वेगवेगळ्या समुद्राला जात असतील?" मी म्हटलं, घराच्या नसतील, पण तालुक्यात असं एखादं शेत नक्की असेल ज्याच्या मधल्या बांधावर पाणी दोन्हीकडे फुटतं. ते शोधायला हवं.

तयार फाइल तिने परत केली नाही. दुकानदार पैसे देत नाही. पण तिच्या कोऱ्या मागच्या बाजूंवर तिने नाल्याची बारा पानं हाताने लिहिली आहेत. सहा गावांची नावं, प्रत्येक ठिकाणी पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, आणि ते सांगणाऱ्याचं वय. मी त्यावर काही दुरुस्ती केली नाही, फक्त दोन ठिकाणी दिशा तपासून घ्यायला सांगितल्या.

तिच्या वर्गातली आणखी चार मुलं आता पूर्वेच्या बाजूचा ओढा धरणार आहेत, चंबळेकडचा. येत्या रविवारी सकाळी सात वाजता बदनावरच्या बसस्टँडवर जमायचं ठरलं आहे. शिकवून निवृत्त झालेल्या कोणालाही बरोबर यायचं असेल तर यावं. पाण्याची बाटली आणावी, आणि नाल्याकाठची जुनी नावं ठाऊक असलेलं एखादं म्हातारं माणूस मिळालं तर त्यांनाही घेऊन यावं.